इंजिन मॉडिफाय केल्यावर हवा-पेट्रोलचं मिक्स्चर : कोकणातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

कुडाळला हायवेलगत माझं गॅरेज आहे. रत्नागिरीपासून पेडण्यापर्यंतच्या गाड्या येतात, आणि गाड्यांपेक्षा फोन जास्त येतात. जे प्रश्न परत परत विचारले जातात ते इथे एका जागी लिहिले आहेत. वरचे प्रश्न नवख्यांचे, खाली जाल तसे अडचणीचे. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिला आहे. सगळं पेट्रोल गाडी धरून आहे. सीएनजी आणि डिझेलवाल्यांनी थेट १७ आणि १८ वाचावेत.

१. मिक्स्चर रिच, मिक्स्चर लीन म्हणजे नक्की काय?

पेट्रोल जळायला हवा लागते आणि किती लागते याचा हिशेब ठरलेला आहे. शुद्ध पेट्रोल असेल तर एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा. लिटरमध्ये सांगायचं तर एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा इंजिन ओढून घेतं. या प्रमाणात दोन्ही पुरेपूर जळतात, मागे ना पेट्रोल उरतं ना ऑक्सिजन. पेट्रोल त्याहून जास्त झालं की मिक्स्चर रिच, कमी पडलं की लीन. रिच गाडी काळा धूर काढते, ॲव्हरेज पडतं, सायलेंसरपाशी उभं राहिलं की पेट्रोलचा वास येतो. लीन गाडी झटके मारते, आणि लोडवर असताना लीन राहिली तर पिस्टनला लागते. त्यामुळे शंका असेल तेव्हा थोडं रिच ठेवून सुरुवात करायची आणि मोजत मोजत कमी करायचं.

२. मी फक्त फिल्टर आणि सायलेंसर बदललाय. तरी ट्यूनिंग लागेल का?

बहुतेक वेळा नाही. पण तपासल्याशिवाय सोडू नका. हवा मोजायच्या दोन पद्धती आहेत. काही गाड्यांत फिल्टरच्या पुढे मॅफ सेन्सर असतो, तो आत जाणारी हवा थेट मोजतो. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत मॅप सेन्सर असतो, म्हणजे मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलेंडरकडे हवा नेणाऱ्या पाईपमधला) दाब मोजायचा आणि त्यावरून हवेचा अंदाज करायचा. (ट्यूनिंगवाले ईसीयूतल्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधल्या, तक्त्यालाही मॅपच म्हणतात आणि गोंधळ होतो. या पानावर तक्त्याला तक्ताच म्हटलं आहे.)

फिल्टर आणि मागचा सायलेंसर बदलल्याने जो थोडा फरक पडतो तो सावकाश चालवताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून स्वतःच भरून काढतो. तो किती भरून काढतोय हे साध्या ब्लूटूथ ओबीडी स्कॅनरवर दिसतं. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म असे दोन ट्रिम, म्हणजे ईसीयूने केलेली दुरुस्ती, असतात, त्यांची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. पूर्ण थ्रॉटल दाबल्यावर मात्र बहुतेक स्टॉक गाड्यांचा ईसीयू त्या सेन्सरचं ऐकणं सोडतो आणि तक्त्यातल्या आकड्यांवर चालतो. काही ईसीयू शिकलेली दुरुस्ती तिथेही लावतात, काही लावत नाहीत. त्यावर विसंबू नका, एकदा वाइडबँड मीटर, म्हणजे धुरावरून मिक्स्चर मोजणारा मीटर, लावून बघा (प्रश्न ५).

हेडर (इंजिनातून धूर बाहेर आणणारे पाईप), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), पोर्टिंग (हेडमधल्या हवेच्या वाटा मोठ्या करणं), थ्रॉटल बॉडी, टर्बो यांतलं काहीही केलं असेल तर ट्यूनिंग करायचंच.

३. मीटर १४.७ दाखवतो, पण पंपावर तर ई-२० मिळतं. मग बरोबर आकडा कुठला?

हा प्रश्न आता रोज येतो आणि त्यात चूक विचारणाऱ्याची नसते. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते, एका किलोला फक्त ९ किलो. २० टक्के इथेनॉल मिसळलं की बरोबर प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं. पण मीटरला टाकीत काय आहे हे कळत नाही. तो धुरातला ऑक्सिजन बघून लॅम्डा (आत गेलेली हवा भागिले लागणारी हवा) काढतो आणि त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवतो. म्हणून मिक्स्चर बरोबर असलं की ई-२० वरही तो १४.७ च दाखवणार.

यावर उपाय एकच, एएफआर, म्हणजे हा १४.७ सारखा किलोतला आकडा, विसरा आणि मीटर लॅम्डावर लावा. लॅम्डा १ म्हणजे बरोबर, १ च्या खाली रिच, १ च्या वर लीन, टाकीत कुठलंही इंधन असो.

ई-१० वर तक्ता लावला होता आणि आता ई-२० भरता, तर पेट्रोल साधारण चार टक्के जास्त द्यावं लागेल. स्टॉक ईसीयू हे सावकाश चालवताना सांभाळून घेतो. स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या ऐवजी लावलेला, ज्याचा तक्ता आपणच भरायचा) असेल तर तक्त्यातले पूर्ण थ्रॉटलचे कप्पे (प्रश्न ७) तुम्हालाच वाढवायचे आहेत.

४. मग किती लॅम्डा ठेवू?

आयडल आणि सरळ रस्त्यावर सावकाश : १.०० च्या आसपास. कॅट (सायलेंसरमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असेल तर इथून हलू नका, कारण कॅट याच प्रमाणात नीट काम करतो. साध्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर ०.८६ ते ०.९०. टर्बो पेट्रोलला पूर्ण बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) ०.७८ ते ०.८२. उतारावर गिअरमध्ये पाय काढल्यावर मीटर एकदम टोकाचा लीन दाखवतो. तिथे ईसीयूने पेट्रोल बंदच केलेलं असतं. त्याला घाबरून फोन करणारे बरेच आहेत, म्हणून लिहिलं.

५. गाडीत ऑक्सिजन सेन्सर आहेच की. वाइडबँडवर वेगळे पैसे कशाला?

कंपनीचा जुना सेन्सर नॅरोबँड असतो. ०.४५ व्होल्टच्या वर रिच आणि खाली लीन, एवढंच तो सांगतो. किती रिच, हे नाही. लॅम्डा ०.९५ आणि ०.८० त्याला जवळपास सारखेच. वाइडबँड (बहुतेक मीटरबरोबर बॉशचा एलएसयू ४.९ येतो) आकडा देतो. आपलं सगळं काम त्या आकड्यावर चालतं.

बसवताना हेडरचे चारही पाईप एकत्र आल्यानंतर आणि कॅटच्या आधी बसवा, सेन्सरचं टोक खाली झुकलेलं असू द्या, आडवं किंवा उलटं नको. आपल्याकडे पावसाळ्यात सकाळी सायलेंसरमधून पाणी गळतं, ते पाणी तापलेल्या सेन्सरवर पडलं की आतलं सिरॅमिक तडकतं. सेन्सर पाईपमध्ये ठेवून वायर काढून गाडी चालवू नका. हीटर बंद असलेला सेन्सर काजळीने मरतो.

६. ट्यूनिंगला बसण्याआधी काय काय तपासायचं?

माझ्याकडे ट्यूनिंगसाठी आलेल्या कितीतरी गाड्या तक्त्याला हात न लावता नीट झाल्या आहेत. म्हणून या उत्तराला वेळ द्या.

आधी अर्थिंग. खाऱ्या हवेत तांब्याची वायर आतून हिरवी होते आणि वरून काही कळत नाही. देवगडची एक स्विफ्ट आली होती, स्टँडअलोन ईसीयू लावलेली. आयडलला सगळं ठीक, पण रेडिएटरचा पंखा सुरू झाला की लॅपटॉपवर १४.६ चा आकडा एकदम १५.३ होई, आणि पंखा थांबला की परत खाली. मालक त्यासाठी आयडलचे कप्पे वाढवायच्या बेतात होता. डॅशवरचा मीटर मात्र पंखा चालू असतानाही १४.६ वरून हलत नव्हता. एकाच सेन्सरचे दोन आकडे कसे? मल्टिमीटरचं एक टोक मीटरच्या अर्थवर आणि दुसरं ईसीयूच्या अर्थवर लावलं. पंखा बंद असताना शून्य, पंखा चालू होताच ०.३५ व्होल्ट. बॅटरीपासून बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या लगखाली हिरवी भुकटी साचली होती. पंख्याचा करंट तिथे अडत होता, बॉडीचा व्होल्टेज वर चढत होता आणि बॉडीला जोडलेल्या मीटरचा सिग्नल ईसीयूला तेवढा जास्त दिसत होता. लग घासून, नवीन क्रिंप मारून, वर ग्रीस लावलं आणि मीटरची अर्थ ईसीयूच्या अर्थजवळ आणली. मिक्स्चर कधी बिघडलंच नव्हतं.

दुसरं, सायलेंसरची गळती. सेन्सरच्या आधी हेडरच्या फ्लँजला बारीक फट असली तरी दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणाला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला ऑक्सिजन दिसतो. मीटर लीन सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि गाडी खरोखर रिच होते. इंजिन थंड असताना चालू करा, मागे ओला फडका घट्ट धरा आणि पुढे कुठे फुसफुस येते ते ऐका. कंपनीने लावलेल्या हेडरपेक्षा बाहेर वेल्डिंग केलेल्या हेडरला ही फट जास्त सापडते.

तिसरं, थ्रॉटलनंतरची हवेची गळती : तडकलेले व्हॅक्यूम पाईप, ब्रेक बूस्टरची नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट. आयडलला पाण्याचा बारीक फवारा मारा, गळतीच्या जागी पाणी ओढलं जातं आणि आयडल क्षणभर बदलतो. काहीजण पेट्रोल किंवा क्लीनर मारून बघतात, गरम हेडरवर ते पेट घेतं. पाण्यानेच करा.

चौथं, पेट्रोलचा दाब. जुन्या पोर्ट इंजेक्शन गाड्यांत साधारण ३ बार असतो, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघून तेवढा मिळतो का ते गेजने मोजा. पूर्ण थ्रॉटलवर तो पडत असेल तर दोष पंपात किंवा फिल्टरमध्ये आहे, तक्त्यात कितीही आकडे वाढवून उपयोग नाही.

शेवटी तांबडी माती. चिऱ्याच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाडी चालत असेल तर कापडी फिल्टर लवकर बसतो. तो धुवून तेल लावताना तेल जास्त झालं तर मॅफच्या तारेवर चढतं आणि मॅफ खोटं बोलायला लागतो. तेल कमी लावा आणि रात्रभर निथळू द्या.

७. लॅपटॉप जोडलाय. तक्त्यात सुरुवात कुठून करू?

ईसीयूतला इंधनाचा तक्ता म्हणजे एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डचा दाब आणि प्रत्येक कप्प्यात इंजिन किती हवा भरून घेतं तो टक्का. हिशेब सोपा आहे : मोजलेला लॅम्डा भागिले पाहिजे असलेला लॅम्डा, गुणिले कप्प्यातला जुना आकडा. समजा कप्प्यात ७० आहे, पाहिजे ०.८६ आणि मीटर ०.९२ दाखवतो. ०.९२ भागिले ०.८६ म्हणजे १.०७. नवा आकडा ७५.

क्रम पाळा. आधी इंजेक्टरची माहिती बरोबर भरा (प्रश्न १३). मग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडल, मग कमी लोडवर एकेक आरपीएम, मग मध्यम लोड, आणि पूर्ण थ्रॉटल सगळ्यात शेवटी. हे सगळं होईपर्यंत इग्निशन टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) स्टॉकपेक्षा मागेच राहू द्या. पाय मारल्यावर लागणारं जास्तीचं पेट्रोल आणि थंड इंजिनाचं जास्तीचं पेट्रोल मूळ तक्ता स्थिर झाल्याशिवाय लावू नका, नाहीतर दोन दोष एकमेकांना झाकतात.

एक कप्पा बदलला की शेजारच्या कप्प्यांकडेही बघा. इंजिन हळूहळू श्वास घेतं, त्याच्या आकड्यांत मधेच खड्डा किंवा टेकाड नसतं. तसं दिसलं तर तो आकडा मोजताना चूक झालेली असते. प्रत्येक बदलाआधी फाईल वेगळ्या नावाने सेव्ह करा.

८. इथे जवळ डायनो (गाडी जागेवर रोलरवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) नाही. घाटात ट्यूनिंग केलं तर चालेल का?

घाटातला चढ लोड द्यायला उत्तम, पण आंबोलीत, फोंडाघाटात वळणावर लॅपटॉपकडे बघत गाडी पळवणं म्हणजे आपला आणि समोरून येणाऱ्याचा जीव धोक्यात घालणं. चालवणारा वेगळा आणि लॅपटॉपवाला वेगळा, हा माझ्याकडे नियम आहे आणि घाईच्या दिवशीही तो मोडत नाही. रस्त्यावर फक्त लॉग (आकड्यांची नोंद) घ्यायचा, बदल गाडी उभी करून. कमी आणि मध्यम लोडचं काम कायद्याच्या वेगात सरळ चढावर, पहाटे, दुसऱ्या गिअरमध्ये होतं. पूर्ण थ्रॉटल टोकापर्यंत करायचा असेल तर पुण्या-मुंबईकडे डायनोवर जा, आणि परत आल्यावर प्रश्न १० वाचा.

९. घाटात चढताना टिंगटिंग आवाज येतो. मिक्स्चरचा दोष का?

गाडी ताबडतोब हलकी करा. पाय काढा, गिअर खाली घ्या. आवाज कशाचा हे नंतर बघू.

हे इतकं ठासून सांगतो कारण माझं एक इंजिन मी असंच घालवलं. कार्बोरेटरवाली जुनी एस्टीम होती. हेडर आणि मोकळा फिल्टर लावला, मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) तोच ठेवला. गोव्यापर्यंत गाडी इतकी छान ओढत होती की जेट बदलायची गरजच वाटली नाही. मग मे महिन्यात चार माणसं आणि सामान घेऊन आंबोली चढलो. दाणोली सोडल्यावर डब्यात चिल्लर हलवावी तसा आवाज सुरू झाला. रेडिओचा आवाज वाढवला आणि चढत राहिलो. वर पोचल्यावर आयडल थरथरत होता. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेशन बघितलं : तीन सिलेंडर १७० पीएसआयच्या आसपास, तिसऱ्या नंबरचा ६०. हेड उघडलं तेव्हा त्या पिस्टनची कडा उंदराने कुरतडल्यासारखी होती, ॲल्युमिनियमचे बारीक मणी प्लगला चिकटलेले.

या आवाजाचं, म्हणजे नॉकिंगचं, कारण एकटं मिक्स्चर नसतं. लोडवर लीन मिक्स्चर, पुढे ओढलेलं टायमिंग, गरम हवा, कमी ऑक्टेन, आत साचलेला कार्बन, यांतलं काहीही किंवा दोन-तीन मिळून. आधी टायमिंग दोन-तीन डिग्री मागे घ्या, मग लोडवरचा लॅम्डा मोजा. कॉम्प्रेशन वाढवलं असेल तर साध्या पेट्रोलवर चालणार नाही हे गृहीत धरा.

१०. पुण्याला डायनोवर मस्त केलेली गाडी कोकणात उतरल्यावर वेगळी का चालते?

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. खाली किनाऱ्यावर हवा सहा-सात टक्के दाट. दाब मोजणाऱ्या ईसीयूला हे कळतं. कार्बोरेटरला अर्धवट कळतं, तो निम्मा फरक आपोआप भरून काढतो आणि उरलेल्यात, म्हणजे तीनेक टक्के, लीन होतो. नुसत्या थ्रॉटलच्या कोनावर चालणाऱ्या ईसीयूला (दर सिलेंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी लावलेल्या गाड्यांत असतो) काहीच कळत नाही, तिथे बॅरोमीटरची दुरुस्ती लावावीच लागते.

आणखी एक बाब सुटते. तक्त्यातले जास्त दाबाचे कप्पे, साधारण ९५ ते १०१ किलोपास्कल, पुण्यात इंजिनाला कधी दिसलेलेच नसतात. टर्बो नसलेल्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्या हवेच्या वर जात नाही. त्यामुळे खाली आल्यावर पूर्ण थ्रॉटल कुणीही न तपासलेल्या कप्प्यांत पडतो. सिलेंडरही जास्त भरतात, तेव्हा तिथलं टायमिंगसुद्धा तपासा.

उलट दिशेने, किनाऱ्यावर नीट केलेली कार्बोरेटरची गाडी आंबोलीला (सुमारे ७०० मीटर) थोडी रिच होते. त्याने नुकसान काही नाही, किंचित जड वाटते.

११. पावसाळ्यात गाडी जड वाटते. लीन करू का?

नका करू. जुलैत आपल्या हवेत तीन टक्क्यांच्या आसपास वाफच असते. मॅप सेन्सर वाफेलाही हवा समजतो, ऑक्सिजन तेवढा कमी असतो, म्हणून मिक्स्चर किंचित रिच होतं आणि ताकद थोडी उतरते. ते पावसात लीन करून ठेवलंत तर दिवाळीनंतर घाटावरचा कोरडा वारा सुटला की तीच गाडी पूर्ण थ्रॉटलवर लीन पडणार, आणि कोरड्या हवेत नॉकिंगही लवकर येतं. मी पूर्ण थ्रॉटलचे आकडे जानेवारी ते मार्चमध्ये पक्के करतो.

रात्री पावसात वायपर, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू असताना आयडल लीन होऊन गाडी बंद पडत असेल तर तो दोष हवेचा नाही. प्रश्न १३ मधला डेड टाइम बघा.

१२. मे महिन्यात जेट्टीवर थांबून परत चालू केली की गाडी झटके मारते. पाच मिनिटांनी आपोआप नीट होते. का?

धोपावे-दाभोळ, जयगड-तवसाळ अशा फेरीच्या रांगेत अर्धा तास इंजिन बंद करून थांबलेल्या गाड्यांची ही तक्रार आहे. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर मॅनिफोल्डच्या धातूत बसवलेला असेल तर तो धातूबरोबर तापतो. हवा ३४ अंशांची, सेन्सर सांगतो ६५. गरम हवा विरळ असते असं धरून ईसीयू पेट्रोल कमी करतो, आणि गाडी लीन होते. वारा लागला की सेन्सर थंड होतो, दोष दिसेनासा होतो. सेन्सर फिल्टरजवळच्या रबरी पाईपमध्ये हलवा. ते जमत नसेल तर तापमानाची दुरुस्ती वरच्या आकड्यांना सौम्य करा. पूर्ण काढू मात्र नका, टर्बोला तर नाहीच.

१३. मोठे इंजेक्टर टाकले तर पॉवर वाढेल का?

वाढणार नाही. इंजेक्टर फक्त पुरेसे असावे लागतात. अंदाज असा : चार सिलेंडरच्या साध्या इंजिनात दर १०० बीएचपीला प्रत्येकी साधारण १६५ सीसी प्रति मिनिट, ई-२० साठी १८० धरा. यात इंजेक्टर ८० टक्के वेळच उघडा धरलेला आहे. ६००० आरपीएमला एका चक्राला २० मिलिसेकंद मिळतात. लॉगमध्ये पल्स (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) १७ च्या वर दिसत असेल तर इंजेक्टर संपत आले.

डेड टाइम म्हणजे करंट दिल्यापासून इंजेक्टर उघडायला लागणारा वेळ, साधारण एक मिलिसेकंद. बॅटरीचा व्होल्टेज पडला की तो वाढतो. आयडलला एकूण पल्सच दोन-अडीच मिलिसेकंदांची असते, म्हणून हा आकडा चुकला तर दिवे लावल्यावर मिक्स्चर हलतं. इंजेक्टरबरोबर व्होल्टेजप्रमाणे डेड टाइमचा तक्ता देणाऱ्याकडूनच इंजेक्टर घ्या.

१४. हॉट कॅम टाकलाय. आयडलला मीटर १.१५ दाखवतो, पण पेट्रोल वाढवलं की गाडी आणखी अडखळते. असं कसं?

मीटर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल नाही. मोठ्या कॅममध्ये दोन्ही व्हॉल्व्ह काही काळ एकत्र उघडे असतात. आयडलला जळालेला धूर परत आत ओढला जातो, त्यामुळे मधेच एखादा ठोका चुकतो आणि त्याचा सगळा ऑक्सिजन सेन्सरपुढे जातो. मीटर लीन सांगतो आणि प्लग काळे निघतात. अशा इंजिनात आयडलला लॅम्डाचा पाठलाग करायचा नाही. मॅनिफोल्डचा दाब सगळ्यात खाली आणि सगळ्यात स्थिर कुठे राहतो ते बघून पेट्रोल लावा, आणि १५०० आरपीएमच्या खाली ऑक्सिजन सेन्सरची आपोआप दुरुस्ती बंद ठेवा. प्लग, कॉइल किंवा वायर खराब असेल तरीही मीटर असाच खोटा लीन दाखवतो.

१५. मारुती ८०० किंवा जुनी जिप्सी, कार्बोरेटरची. जेट किती मोठं करू?

अंदाजाने नको. बऱ्याच जेटवरचा आकडा भोकाच्या व्यासाचा असतो, ११० म्हणजे १.१० मिमी. ११० वरून ११५ वर गेलात तर भोकाचं क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी वाढतं, म्हणून एका वेळी एकच पायरी चढा. आधी फ्लोटची पातळी बरोबर करा, नाहीतर सगळी जेटं चुकीची वाटतात. एअर स्क्रू फक्त आयडलपुरता असतो, त्याने घाटातला लीनपणा जात नाही. जेट सुईने किंवा तारेने मोठं करून देणाऱ्याला हात लावू देऊ नका, ते भोक परत गोल होत नाही.

१६. प्लगचा रंग बघून मिक्स्चर कळतं ना?

ढोबळ कळतं. कोरडी काजळी म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे बहुधा लीन किंवा गरम प्लग. आजच्या पेट्रोलवर मधले रंग फसवतात. मी प्लग बघतो ते चारही एकसारखे आहेत का हे बघायला. एकच वेगळा असेल तर त्या सिलेंडरचा इंजेक्टर किंवा त्या बाजूची गळती शोधा. मीटर चौघांची सरासरी दाखवतो, एकट्याचं दुखणं त्यात बुडून जातं.

१७. सीएनजी किट आहे. पेट्रोलचं ट्यूनिंग गॅसला लागू होतं का?

नाही, गॅसचा तक्ता वेगळा. एक किलो गॅसला १७.२ किलोच्या आसपास हवा लागते. लॅम्डा मात्र तोच (प्रश्न ३). सिक्वेन्शियल किट पेट्रोलच्या पल्सवरून गॅसची पल्स काढतं, म्हणून पेट्रोलचे ट्रिम आधी शून्याजवळ आणा, नंतरच गॅसला हात लावा. गॅस मॅनिफोल्डमध्ये नऊ-दहा टक्के जागा व्यापतो, तेवढी हवा कमी जाते. घाटात गाडी ‘ओढीना’ म्हणून येणाऱ्यांना मी हेच सांगतो, मिक्स्चरने ती जागा परत मिळत नाही.

१८. डिझेलचं काय?

डिझेल नेहमी लीनच चालतं, तिथे लॅम्डा १ गाठायचा नसतो. काळा धूर दिसला की डिझेलला हवा पुरत नाही. रिमॅप (ईसीयूतले तक्ते बदलणं) करताना धूर, बूस्ट आणि सायलेंसरमधलं तापमान बघायचं. धुराचे लोट सोडत जाणारी गाडी जोरात नाही, ती डिझेल वाया घालवते आणि मागच्या दुचाकीवाल्याच्या छातीत भरते. असं ट्यूनिंग मी करून देत नाही.

१९. ट्यून केलेली गाडी पीयूसीत पास होईल का? आरटीओचं काय?

बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाड्यांना आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमपर्यंत चालतो. २५०० आरपीएमच्या आसपास लॅम्डा ०.९७ ते १.०३ लागतो. कॅट जागेवर आहे, गळती नाही आणि सावकाश चालीचा लॅम्डा १ वर आहे, तर गाडी पास होते. कॅट काढलेली गाडी मी ट्यून करत नाही.

कायदा वेगळा विषय आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इंजिन बदलणं, सीएनजी किट लावणं याची आरसीवर नोंद लागते. आधी रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा, मग पैसे खर्च करा.

२०. थंड हवा मिळावी म्हणून फिल्टर बंपरखाली बसवू का?

कोकणात नको. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि तेवढा पूर लागतही नाही, मोरीवरून वाहणारं हातभर पाणी पुरतं. पाणी दाबलं जात नाही, सिलेंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टर बॉनेटच्या उंचीवर ठेवा आणि त्याला पुढून वेगळी हवा द्या.

२१. गाडी विकायची आहे. तक्ता तसाच ठेवू की स्टॉक करू?

जे पार्ट गाडीवर राहणार त्यांना जुळणारा तक्ता राहिला पाहिजे. हेडर आणि कॅम ठेवून ईसीयूत स्टॉक फाईल टाकलीत तर नवा मालक पहिल्याच घाटात प्रश्न ९ मध्ये अडकेल. स्टॉकच द्यायची असेल तर पार्टही स्टॉक करा आणि ईसीयूने शिकलेले ट्रिम पुसून ५०-१०० किलोमीटर चालवून बघा. आहे तशी देणार असाल तर मूळ फाईल, शेवटची फाईल, इंजेक्टरचा आकार, ती कुठल्या पेट्रोलवर लावली आणि पूर्ण थ्रॉटलचा एक लॉग, एवढं पेनड्राइव्हवर घालून किल्लीसोबत द्या.